चंद्रकलाच्या घरातले आवाज

मित्रांनो, घोटावड्यात आमच्या घरी कधी आलात तर बैठकीच्या खोलीत मान जरा वर करा. खिडकीच्या बाजूला, खुंटीला टांगलेला, कडेला पोचा आलेला एक राखाडी कर्णा दिसेल. तो मी. काही लोक मला भोंगा म्हणतात. ते मला मुळीच आवडत नाही, पण तक्रार करायची तर आवाज लागतो, आणि माझी वायर काढून टाकल्याला बरीच वर्षे झाली.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून दाबून माझे हे रुंद तोंड घडवले. मागे युनिट बसवले, म्हणजे माझा गळाच म्हणा. मग बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी उलटा लटकत गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिलो. तिथून मला आनंदाने आणले. आनंदा तेव्हा ऐन पंचविशीतला, नुकते लग्न झालेला. एसटीत सबंध रस्ताभर त्याने मला मांडीवर धरले होते. कंडक्टर मला पाहून म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट काढा." सगळी गाडी हसली. एवढ्या लोकांसमोर यायची माझी ती पहिलीच वेळ, आणि मी खूश झालो.

आनंदाची बायको चंद्रकला. मी या दोघांना एकेरीच हाक मारतो, कारण आम्ही बरोबरीचे. त्यांच्या संसारात सर्वांत आधी आलेली मोठी वस्तू मीच. माझ्यामागून आवाज वाढवणारे मशीन आले, माईक आला, आणि आनंदाचे साउंडचे काम सुरू झाले. चौदा एप्रिलची जयंती असो, विहारातली बुद्धपौर्णिमा असो, लग्न असो की ग्रामसभा, आवाज माझा. पोलिओचा डोस मी सांगितला, रॉकेल आल्याची वर्दी मी दिली, आणि एकदा तर कुणाची तरी चुकलेली म्हैस मी तीन वाड्या पलीकडून परत आणली. म्हैस माझे ऐकून आली असे माझे म्हणणे नाही. पण तिचा मालक तरी नक्की माझे ऐकून गेला.

आनंदाची एक पद्धत होती. मला बांबूवर चढवून बांधले, वायर जोडली, तरी तो माईक लगेच कुणाच्या हाती देत नसे. आधी चंद्रकला मैदानाच्या पार शेवटच्या टोकाला, बायका लेकरे घेऊन बसतात तिथे, जाऊन उभी राही. मग आनंदा माईकमध्ये दोन शब्द बोले. चंद्रकलाने हात वर केला तर ठीक. पदर हलवला तर आवाज पोचत नाही. आणि दोन्ही कानांवर हात ठेवले तर मी बेंबीच्या देठापासून ओरडतोय. ती सांगेल तसा आनंदा मला फिरवी, खाली वाकवी, मशीनचे बटण मागेपुढे करी. तिचा हात वर झाल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे, मग पाहुणे कितीही मोठे असोत.

दुसरे साउंडवाले हसायचे. "काय रं आनंदा, बायकूला इचारून मशीन लावतुयास व्हय?"

आनंदा म्हणे, "माझं मशीन हितं हाय, पर लोकांचं कान तितं हायेत. तितलं मला कोण सांगणार?"

मला त्या वेळी याचे फार काही वाटत नसे. माझे लक्ष फक्त आपण किती लांब पोचलो याकडे. पिरंगुटच्या बाजूने येणारा एखादा म्हणे, "आनंदाचा कर्णा पार ओढ्यापतुर ऐकू येतुया," की माझी छाती फुगे.

पुढे डीजेचे दिवस आले. कपाटाएवढे डबे ट्रकमधून येऊ लागले, छातीत धडधड होईल असे वाजू लागले. माझ्यासारख्या एका तोंडाच्या कर्ण्याला कोण विचारतो? आनंदाने आणखी काही वर्षे नेट धरला, मग तो जवळच्या कारखान्यात कामाला लागला आणि मी पडवीच्या कोपऱ्यात गेलो. तिथे एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मला फार लाज वाटली. पण पिल्ले बाहेर आली तेव्हा त्यांचा चिवचिवाट माझ्या तोंडातून इतका खणखणीत निघाला, की चंद्रकला आतून ओरडली, "अवो, ऐकलं का? कर्णा सुरू झाला!" माझ्या आयुष्यातला तो शेवटचा कार्यक्रम.

या दोघांची मुलगी प्रियदर्शिनी. घरात प्रिया. लहानपणी ती माझ्यात तोंड घालून गाणी म्हणायची. पुढे ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि आता भूगावच्या एका ऑफिसात काम करते. काम काय, तर नव्या बंगल्यांत खोलीखोलीत गाणे कसे पोचवायचे याचे आराखडे करायचे. छतात बसणारे ताटलीएवढे स्पीकर, भिंतीत लपलेल्या वायरी, आणि सगळ्याची दोरी मोबाईलमध्ये. पहिल्यांदा तिने घरी असा एक स्पीकर आणून दाखवला तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडले. हा एवढासा, आणि तोही छतात तोंड लपवून बसणारा! हा काय ओढ्यापर्यंत पोचणार?

पण जेवताना ती कामाच्या गोष्टी सांगे, त्या मी पडवीतून ऐकत असे आणि हळूहळू माझा ताठा उतरू लागला. नव्या बंगल्यात गेली की ती स्पीकरचे नावच काढत नाही. आधी विचारते, पहाटे कोण उठते? दिवसा झोपणारे कोणी आहे का, रात्रपाळीचे? मुले कुठे अभ्यास करतात? आजोबांना टीव्हीचा आवाज किती मोठा लागतो आणि तो कुणाला नको असतो? मग ती ठरवते, कोणत्या खोलीचा आवाज स्वतंत्र, कोणत्या दोन खोल्यांचा एकत्र, आणि कोणत्या दारापलीकडे एक अक्षरही जाता कामा नये. मित्रांनो, मी जन्मभर आवाज पोचवला. आवाज थांबवायचाही असतो, आणि त्याला इतकी अक्कल लागते, हे मला या मुलीमुळे कळले.

याच सुमारास चंद्रकलाची नजर गेली. काचबिंदू. आधी कडेचे दिसेनासे झाले, ती नळीतून पाहावे तशी पाहू लागली, आणि मग ती नळीही मिटली. दवाखान्यात सांगितले, गेलेले परत येत नाही. घर दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी चंद्रकला उठली आणि चुलीशी जाऊन भाकरी थापू लागली. त्या दोन पत्र्याच्या खोल्या तिला इतक्या पाठ होत्या, की पाहुण्यांना बसायला चटई टाकून, पाणी देऊन झाले तरी त्यांच्या लक्षात येत नसे.

पण त्या खोल्यांचे आढे खचले होते. आता तिथे राहता येत नव्हते. म्हणून पुढच्या मोकळ्या जागेत नवे घर बांधायचे ठरले. सगळे आनंदात होते, एक चंद्रकला सोडून.

"तुमी जावा नव्या घरात," ती म्हणाली. "मला हितंच ऱ्हाऊ द्या."

"अगं, ह्ये पडायला आलंया!" आनंदा म्हणाला.

"पडू दे. हितं मी मालकीण हाय. तितं मला कुणीतरी हाताला धरून संडासला न्यायचं. तसलं जगणं मला नको."

ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागले. प्रिया उठून बाहेर आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. त्या नव्या घरात आईने आपल्या पायांनी, कुणाचा हात न धरता फिरले पाहिजे, एवढेच तिच्या मनाने घेतले. त्यासाठी तिच्या हाती असलेली एकच विद्या म्हणजे आवाज. तिने आपल्या घरासाठी आराखडा काढायला घेतला.

स्लॅबच्या दिवशी आनंदाने मला पडवीतून काढले, पुसले आणि नव्या घराच्या खांबाला टांगले. माझ्यात वायर नव्हती, नुसता मान म्हणून. आदल्या दिवसापासून प्रिया आणि वायरमन शंभू वर सळयांच्या जाळीत वाकून पाइप बांधत होते. एकदा काँक्रीट पडले की छत कोणाचे ऐकत नाही, म्हणून स्पीकरची प्रत्येक जागा आधी ठरली पाहिजे. प्रियाने जाळीखालच्या फळ्यांवर खडूने खोल्या काढल्या होत्या. हा ओटा, ही आईची खाट, हा बोळ. त्यावर उभी राहून ती बोट दाखवी आणि शंभू तिथे पाइप बांधून त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबी, काँक्रीट आत जाऊ नये म्हणून. शिवाय प्रत्येक खोलीत, पुढे भिंत झाली की तिच्या कंबरेपर्यंत उतरवायचे दोन जादा पाइप तिने टाकून घेतले.

शंभू म्हणाला, "ताई, ह्ये रिकामं पायप कशाला? सिमेंटात पुरायला?"

"असू देत शंभूदादा. माझं चुकलं तर भिंत फोडायला नको."

कामात चुकण्याची सोय ठेवणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आमच्या वेळी चुकले की बांबू उतरवायचा.

मागच्या जुन्या घरात चंद्रकला मजुरांसाठी पिठले-भाकरी करत होती. बाहेर काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, मजूर हिंदीत एकमेकांना हाका मारत होते. दारात येऊन ती म्हणाली, "मला एकदा न्हेऊन दावा की समदं."

"सळया हायेत, फळ्या हायेत, पडशील," आनंदा म्हणाला. "झालं की न्हेतो."

ती परत आत गेली. पुढे वीटकाम झाले, प्लॅस्टर झाले, फरशी बसली, आणि प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळाले. प्रियालाही वाटे, सगळे तयार झाले की आईला एकदम आणायचे, तिला कसे छान वाटेल! परक्यांना शंभर प्रश्न विचारणाऱ्या या मुलीने आईला एकही विचारला नाही. आईचे सगळे आपल्याला ठाऊकच आहे अशी तिची खात्री होती. आणि वर्षानुवर्षे चंद्रकलाचा हात वर झाल्याशिवाय माईक न सोडणाऱ्या आनंदाच्याही ते ध्यानात आले नाही. मी खांबावर टांगलेला. मला दिसत होते, पण मी काय बोलणार?

प्रियाचा आराखडा असा होता. आई जिथे जाईल तिथे आवाज तिच्यासोबत असला पाहिजे. बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून बोळातून खाटेपर्यंत, गाण्याची एक ओळही तुटता कामा नये. बंगल्यांमधले तिचे हेच काम वाखाणले जाई. आईला एकटे वाटू नये, असा तिचा साधा हिशेब. त्यात प्रेम पुष्कळ होते, मित्रांनो, हे मी शपथेवर सांगेन.

रंग वाळल्यावर एका संध्याकाळी चंद्रकलाला आणले. ती ठेवणीतले लुगडे नेसून आली. विहारातल्या बायकांनी म्हटलेली वंदना प्रियाने आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती. तिने मोबाईलला बोट लावले आणि सगळे घर एकदम भरून गेले. काय तो आवाज! कुठे खरखर नाही, कुठे दणका नाही. हवाच गाते आहे असे वाटावे. चंद्रकलाचे तोंड फुलले. "आगं बया, ही तर आपली हेमलता! तिचा आवाज मी कुटंबी वळखीन." हेमलता म्हणजे शेजारची.

"आता चाल आई," प्रिया म्हणाली. "तुझी तू चाल."

चंद्रकला चालली. चार पावले बरी गेली, बोळाच्या तोंडाशी थांबली, मग वळली, पुन्हा थांबली. हात पुढे करून तिने भिंत शोधली, तिथे भिंत नव्हती. ती स्वयंपाकघराकडे जायचे म्हणून निघाली आणि खाटेच्या खोलीत शिरली. तिथेही हेमलता, तेवढीच, तशीच, डोक्यावर. ती परत फिरली आणि तिचे कपाळ दाराच्या चौकटीवर आपटले. प्रिया धावली. चंद्रकला खाली फरशीवर बसली आणि दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

"बंद कर," ती म्हणाली. "समदीकडं सारखंच हाय. मी कुटं हाय त्येच कळंना मला. दार कुटं गेलं?"

आवाज बंद झाला. चंद्रकला उठली, आनंदाचा हात धरला, आणि जी गोष्ट तिला नको होती तीच करत, हाताला धरून जुन्या घरी परत गेली.

आनंदा थोड्या वेळाने एकटाच आला. प्रिया बोळात भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला. "आपुन हिला शेवटच्या रांगंत हुबीच केली न्हाई, प्रिया," तो म्हणाला. "मी सोता साउंडवाला असून."

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पण ती स्वतःची बाजू मांडायला बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला सुट्टी टाकली, ओढणी घेतली, दोन पदरी करून डोळ्यांवर घट्ट बांधली आणि सकाळीच जुन्या घरात जाऊन बसली. एव्हाना मी खिडकीशी या खुंटीवर आलो होतो आणि जुन्या घराचे दार माझ्या अगदी समोर होते. मी पाहत होतो. आधी ती पाटावर अडखळली. मग तिने हंडा उपडा केला. चंद्रकला खो खो हसली. "कशाला सोंग करतीयास? सोड ती फडकी!" पण प्रियाने सोडली नाही. दुपारपर्यंत ती मोरीपर्यंत जाऊन यायला शिकली होती. संध्याकाळी चूल कुठे हे ती हात न लावता सांगत होती.

ओढणी सोडल्यावर तिने आनंदाला काय सांगितले, ते मी इथूनच ऐकले. "आबा, त्या घरात प्रत्येक जागेला एकच तोंड आहे. फ्रीज गुरगुरतो तिकडे स्वयंपाक. रस्ता ऐकू येतो तिकडे पुढचं दार. कोंबड्या तिकडे मागचं. मध्ये काहीच नाही, म्हणून दोन्हीकडचं ऐकू येतं. मी ते मधलंच भरून टाकलं. वरून, सगळीकडून. आईसाठी कुठल्या खोलीला तोंडच ठेवलं नाही."

मित्रांनो, मी पुष्कळ मोठे वक्ते पाहिले. माझ्या तोंडून बोलून गेले ते. पण स्वतःचे देखणे काम चुकले हे कळल्यावर इतक्या तातडीने, इतक्या गोडीने ते समजून घेणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

मग खरे नियोजन सुरू झाले. बैठकीच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत चंद्रकला. शंभूने भिंतीतले ते रिकामे पाइप उघडले आणि छोटे स्पीकर वायरीला लोंबकळते ठेवले, म्हणजे जागा हलवता येईल. चंद्रकलाने आधी साऱ्या घरातून आनंदाच्या खांद्यावर हात ठेवून फेरी मारली. प्रत्येक खोलीत ती एक टाळी वाजवी, ऐके आणि पुढे जाई. मग खुर्चीत बसून तिने फर्माने सोडायला सुरुवात केली.

"सैपाकघरात रेडिओ ठिव. बातम्या, गाणी, कायबी चालंल. पर खिडकीकडनं नको, ओट्याकडनं येऊ दे."

"खाटेपाशी काय ठेवू, आई?"

"वंदना. पर हळू. हेमलता माझ्या उशाशी बसल्यागत."

"बाथरूमला?"

"तितं काय गाणं लावतीस, येडी का खुळी! नळाखाली बादली ठिव, थेंब पडल्यालं मला ऐकू येतंया."

"मागच्या दाराला?"

"कायबी नको. कोंबड्या हायेत की."

बोळ मुका ठेवायचा ठरला. छतातले स्पीकर बंद झाले, पाहुणे आले तर वाजवायला. खाली प्रत्येक खोलीत एक छोटा स्पीकर, दारातून शिरताना तोंडासमोर येईल असा, बसलेल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीवर. प्रियाने प्रत्येकाचा आवाज इतका उतरवला की तो दारातून बोळात डोकावेल, पण पलीकडच्या खोलीत शिरणार नाही. या एका गोष्टीसाठी मायलेकींची केवढी हुज्जत! चंद्रकला बोळात उभी राहून म्हणे, "रेडिओ लई पुढं येतुया, माघारी घे." प्रिया मोबाईलवर बोट सरकवी. "आता गेलाच की! वाईच आण." शंभू स्क्रू हातात धरून ताटकळे आणि म्हणे, "मावशे, ठरवा कायतरी, माझा हात भरून आला." बैठकीच्या खोलीत आनंदाच्या जुन्या कॅसेटमधली गाणी आली, माझ्या अगदी खालून. ती मीच कधीतरी वाजवलेली. इतक्या हळू आवाजात ती गाणी मी जन्मात ऐकली नव्हती. त्यांत तबलाही आहे हे मला तेव्हा कळले.

बुद्धपौर्णिमेला भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झाले आणि घर नव्या जागी राहायला आले. पहिले काही दिवस चंद्रकला भिंतीला बोटे लावून फिरली. प्रिया तिच्या मागून चालायची, पण हात लावायची नाही. ते किती कठीण होते ते मला वरून दिसे. आईचा पाय अडखळला की मुलीचा हात पुढे येई आणि अर्ध्यावरून परत जाई.

आता त्या दुपारचे सांगतो. भाद्रपदातले दिवस. आनंदा पौडला गेला होता, प्रिया भूगावला ऑफिसात. चंद्रकला एकटीच घरी. आणि लाईट गेली. इन्व्हर्टर अजून बसवायचा होता. माझ्या खालचे गाणे कडव्याच्या मध्यावर तुटले, रेडिओ गप्प झाला, खाटेपाशी हेमलता गप्प झाली. घर एकदम मुके झाले. चंद्रकला त्या वेळी नेमकी बोळात होती, जिथे आधार द्यायला काहीच ठेवलेले नव्हते. मी ओरडू शकलो असतो तर पिरंगुटपर्यंत ओरडलो असतो.

तिकडे प्रियाच्या मोबाईलवर घरचे सगळे स्पीकर बंद पडल्याची खूण आली. तिने आईला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजत राहिला. आनंदाचा लागेना. ती मीटिंग सोडून उठली आणि स्कूटरवर बसली.

आणि इकडे? चंद्रकला बोळातून स्वयंपाकघरात गेली, पण तोवर फोन थांबला होता. तिने चहा ठेवला. बाहेर भुरभुर सुरू झाली, तशी "आगं बया, कापडं!" म्हणत ती जिना चढून गच्चीवर गेली आणि कपड्यांचा हा एवढा भारा पोटाशी धरून खाली आली. दोन्ही हात गुंतलेले. भिंतीला बोट लावायला एकही मोकळा नव्हता. तेवढ्यात हेमलता आली. तिने घर अजून नीट पाहिले नव्हते. मग काय, चंद्रकला तिला खोलीखोलीतून घेऊन निघाली. "ह्ये कपाट. ही खिडकी, हितनं सकाळी ऊन येतं. हितं पायरी हाय, जपून." डोळसाला जपून म्हणत होती ती! मी वरून पाहत राहिलो. किती वेळ लोटला कुणास ठाऊक.

स्कूटर दारात येऊन थडकली. प्रिया भिजलेली, धापा टाकत आत आली. चंद्रकला आणि हेमलता बैठकीत बसून चहा पीत होत्या.

"आज लवकर आलीस?" चंद्रकला म्हणाली.

"आई, तू बरी आहेस ना? लाईट गेलीय. आवाज सगळे बंद आहेत कधीचे!"

चंद्रकलाने कप खाली ठेवला आणि जरा कान दिला. "व्हय की गं," ती म्हणाली. "मगाधरनं कायतरी कमी हाय असं वाटत हुतं. मला वाटलं, फ्रीज बिघडला."

प्रिया दारातच खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली. हेमलता घाबरून विचारू लागली, काय झाले, कुणी काही बोलले का? प्रियाला सांगताच येईना. एवढे राबून, एवढे मोडून पुन्हा उभे केलेले तिचे काम बंद पडले होते, आणि ज्या माणसासाठी ते होते त्याला ते कळलेही नव्हते. ते घर चंद्रकलाचे झाले होते. मला आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, मित्रांनो, पण त्या दुपारी मला प्रियाचा हेवा वाटला.

संध्याकाळी लाईट आली. गाणे तुटल्या जागेवरून पुन्हा सुरू झाले, तेव्हा चंद्रकलाच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बंद वाईच. घर ऐकू येऊ दे."

माझे आता काही मागणे उरले नाही. महिन्यातून एकदा तोंडातली जळमटे काढलीत तर बरे वाटेल, एवढेच. पण तुम्ही उद्या घरे बांधाल. त्यांत गाणी खेळवाल, माझ्या वेळी कुणी स्वप्नातही पाहिली नाहीत अशी यंत्रे बसवाल. जरूर बसवा. फक्त एक करा. घरात कुणी आंधळे असेल, म्हातारे असेल, पाय ओढत चालणारे असेल, तर स्लॅब पडण्याआधी त्या माणसाला तिथे घेऊन जा. सळया लागतील, पडेल, म्हणून त्याला मागे बसवू नका. तुम्ही त्याचा हात धरा, सळया बाजूला करा, आणि त्याला त्या उघड्या खांबांमध्ये हवा तेवढा वेळ उभे राहू द्या.